गेल्दी

कुंभारजुव्यात सव्वीस वर्षं मी टपाल वाटलं.
तारवट्यांच्या बायकांना मनीऑर्डरी,
देवस्थानच्या महाजनांना नोटिसा,
विजेची बिलं, जी कुणालाच नको असतात.
एकाच दारी अंकाराचे शिक्के,
काझान, ताश्कंद, आणि एकदा याकुत्स्क.
त्या पाकिटाला धुराचा नि माशांचा वास होता,
किंवा तो माझ्या पिशवीचा असेल.

उपेंद्रबाब सिनाय तळावलीकर.
गाव त्यांना तुर्कीमास्तर म्हणायचं.
लिसबोआला कायदा शिकायला धाडलेला मुलगा
वाट वाकडी करून अंकाराला गेला
आणि आठ वर्षांनी एक ट्रंक भरून क्रियापदं घेऊन आला.
बापाने जेवताना एवढंच विचारलं,
"हाचेर पोट भरतलें?"

नाही भरलं.
म्हापशाला पोर्तुगीज शिकवलं. मुक्तीनंतर फ्रेंच.
फ्रेंचला मुलं मिळेनात, तेव्हा भूगोल.
भूगोलाच्या पुस्तकात अल्ताई पर्वत एका ओळीत संपतो,
त्या ओळीवर ते तीन तास घेत.
हेडमास्तरांनी मेमो दिला.
मेमोची मागची बाजू कोरी होती,
तिच्यावर त्यांनी 'घोडा'ची अकरा रूपं लिहिली
आणि बिस्किटांच्या डब्यात टाकली,
दमट हवा लागू नये म्हणून मूठभर तांदळांसकट.

एकदा बाल्कांवात बसवून म्हणाले,
"तुझ्या पिशवीतली कैची तुर्की.
चाकू तुर्की, चकमक तुर्की, तोफ तर आहेच."
"मग आमचं काय?"
"काय कापायचं ते ठरवणं," म्हणाले, आणि स्वतःच हसले.

मग चहा गार होईपर्यंत:
"त्यांच्यात भूतकाळ दोन.
गेल्दी: आला, मी डोळ्यांनी पाहिला.
गेल्मिश: आला म्हणे, मी तिथे नव्हतो.
मराठीत आपण 'म्हणे' चिकटवतो, कोंकणीत 'खंय',
विसरलो तरी चालतं.
त्यांच्या क्रियापदातच ते शिवलेलं.
न पाहिलेलं पाहिलं म्हणायचं, तर शेपूट बदलावं लागतं."
"आणि नुसतं गेल्?"
"गेल् म्हणजे ये."
मी म्हटलं, आमच्यात गेला म्हणजे गेला.
ते इतके खूश झाले की कप लवंडला.

शेवटची सात वर्षं पत्रं एकाच बाईला,
सायबेरियातल्या कुठल्याशा नदीकाठी.
तिची बोली बोलणारी नऊ माणसं उरली होती.
उपेंद्रबाब कोळशाने भिंतीवर आकडा लिहीत.
नऊ. मग सहा. मग बराच काळ चार.
ते तिला मागत जाळ्यांची नावं, शिव्या, अंगाईतले अर्धे शब्द.
बदल्यात त्यांनी आमची खाडी पाठवली:
इथे मगरी आहेत, कांदळ आहे,
आणि पाणी दिवसातून दोनदा माघारी येतं.
तिच्या बोलीत भरतीला शब्दच नव्हता.
नदी उलटी येते हे तिला पटेना.
दोन पत्रांनंतर तिने एक शब्द घडवून पाठवला,
न पाहिलेल्याच्या शेपटाचा:
पाणी-आलं-म्हणे.

त्या बोलीतला बहुधा शेवटचा नवा शब्द
आमच्या बांधावर चढणाऱ्या पाण्यासाठी होता.
बांधावर गरी टाकून बसलेल्यांना मी सांगितलं.
त्यांनी विचारलं, मासे कितीला?

ते गेले तेव्हा मी सावर्ड्याला मेहुणीच्या लग्नात होतो.
परतलो तर धक्क्यावरच कळलं,
"तुर्कीमास्तर गेलो खंय."
खंय. बरोबर बोलला तो.

तेराव्या दिवसानंतर तिचं पत्र आलं.
दाराला कुलूप. भाचे लिसबोआला.
भिंतीवर पावसाच्या ओलीने फुगलेला चार.
नियम सोपा आहे:
शेऱ्यात 'मयत' लिहायचं, तारीख टाकायची, परत धाडायचं.
मी पायरीवर बसलो, पेनाचं टोपण काढलं,
पुन्हा लावलं.

खाली खाडीत पाणी चढत होतं.
कांदळाची मुळं एकेक करून बुडाली,
मग बांधाचा तिसरा दगड, मग दुसरा.
मी तिथे होतो. मी पाहिलं.
गेल्दी.